उजव्या लिव्हरची पायरी

याकुमा नदीकाठच्या सांता आना गावात वर्षातले पाच-सहा महिने रस्ता पाण्याखाली असतो. म्हणून तिथे मोटारीच्या आधी विमान आलं, आणि अजूनही गावातली बाई कपडे वाळत घालताना मान वर न करता सांगते की आत्ता गेला तो अमकीचा नवरा. विमानापेक्षा माणसाचा हात ओळखू येतो. कोण वळताना इंजिन ओढतो, कोण उतरताना घाबरतो, सगळं खाली ऐकू येतं.

रेमिहिओ नोसाचा हात ऐकू यायचा नाही, अशी त्याची ख्याती होती. फुशारकी मारावी असं त्यात काही नव्हतं. तो मोहेनो आदिवासी गुराख्यांच्या घरातला. तरुणपणी डॉन फानोर रिबेरांच्या लास गार्सास कुरणावर मांस वाहायचा. धावपट्टीच्या कडेला पहाटे गुरं पाडायची, सोलायची, चार फाके करायचे आणि कोमट असतानाच विमानात रचायचे. विमान डोंगर ओलांडून ला पासला जायचं. ऊन चढायच्या आत पोहोचलं तर ते मांस. उशीर झाला तर नुसती घाण. खांद्यावरून रक्त कमरेपर्यंत ओघळायचं आणि पायलट लोक लांबूनच ओरडायचे, अरे, सीटला हात लावू नकोस.

त्याच्याबरोबर वाहायला लिदेर कुएयार होता. दोघांनी एकाच वर्षी सीटला हात लावला. पायलट झोप काढायचा तेव्हा एक जण हँडल धरायचा, दुसरा डोंगर बघायचा. पुढे परवाने मिळाले, जुनं दोन पिस्टन इंजिनांचं विमान मिळालं, आणि बारा-पंधरा वर्षं दोघं शेजारी शेजारी बसून मांस नेत राहिले. त्या विमानाला डोंगर झेपायचा नाही. रानावर घिरट्या घालत घालत उंची मिळवायची, रबरी नळीतून आळीपाळीने ऑक्सिजन ओढायचा, आणि खिंडीत शिरताना कोणी बोलायचं नाही. एकदा खिंडीच्या तोंडाशीच डावं इंजिन गेलं. लिदेर मागे गेला, दार उघडलं आणि पायाने एकेक फाका बाहेर लोटला. खाली बर्फावर लाल ठिपके पडत गेले. रेमिहिओला ते दिसत होते, कारण विमान तेवढं खाली होतं. शेवटचा फाका गेला तेव्हा पोटाखालून खडक सरकला. ला पासला उतरल्यावर लिदेरच्या हाताची बोटं काळी पडली होती. दोन कापावी लागली.

त्याच वर्षी रेमिहिओला मुलगी झाली. नेल्वी. लिदेरने तिला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात घेतलं, तो तिचा पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता झाला, आणि त्या दिवसापासून दोघं मित्र एकमेकांना 'कोम्पाद्रे' आणि 'तुम्ही' म्हणू लागले. तिकडची रीतच तशी. काल एकाच नळीने श्वास घेतलेली माणसं आज अहो-जाहो करतात, आणि शिव्यासुद्धा अहो-जाहोत देतात. "कोम्पाद्रे, तुम्ही गाढव आहात," असं रेमिहिओ म्हणायचा आणि लिदेर मान झुकवून आभार मानायचा.

मग डॉन फानोरांनी टर्बोप्रॉप घेतलं. कुठल्या तरी परदेशी कारखानदाराचं, वापरलेलं, आत कातडी खुर्च्या आणि पेले ठेवायला लाकडी कप्पे. रेमिहिओने स्वतःच्या हाताने त्या खुर्च्या उचकटून काढल्या आणि जमिनीवर पत्रा ठोकला. सहा माणसांनी दारू पीत जायचं विमान दीड टन मांस घेऊन जाऊ लागलं. पहिल्या दिवशी तो डोंगराकडे गेला तेव्हा सवयीने रानावर वळायला लागला आणि मग त्याच्या लक्षात आलं की वळायची गरजच नाही. विमान सरळ चढत होतं. पंचवीस हजार फूट. बर्फाची शिखरं खाली राहिली, जशी भांडी पाटावर राहावीत. नळी नाही, धाप नाही. आतली हवा दाबून ठेवलेली, कानात फक्त एक बारीक शिट्टी. पूर्वी जो प्रवास देवाचं नाव घेत व्हायचा तो तासाभरात उरकला. घरी येऊन तो बायकोला म्हणाला की आज मला डोंगराची कीव आली. त्याची बायको तेव्हा जिवंत होती. ती म्हणाली की डोंगराला तुझी येऊ नये म्हणजे झालं.

लिदेरला त्या विमानात जागा नव्हती. ते उडवायला एकच माणूस पुरे होता. डॉन फानोरांनी मोहेनो रेमिहिओला निवडलं आणि लिदेर हसत हसत गाव सोडून गेला. कुठे गेला ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी विचारत नव्हतं. ज्या विमानांच्या शेपटीवर नंबर नसतो आणि जी झाडांच्या शेंड्यांवरून जातात, तिथे. त्याची बायको देल्मिरा गावातच राहिली. नेल्वीच्या वाढदिवसाला दरवर्षी काहीतरी यायचं. एकदा घड्याळ, एकदा पाठभर केसांची बाहुली, जरी तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

नेल्वी चोवीस वर्षांची झाली आणि लास गार्सासवर रेडिओ सांभाळायला लागली, तेव्हाची ही गोष्ट आहे.

त्या पहाटे अकरा गुरं पाडली होती. फाके मोताकू ताडाच्या पानांवर मांडलेले, वाफ निघत होती, आणि मुकादम ओर्मांदो चाकू पुसत रेमिहिओला सांगत होता की आज दोन फाके जास्त घे, तुझं विमान माजलंय. नदीकडून चार माणसं आली. होडीचा आवाज कोणी ऐकला नाही. कुत्रे आतड्यांभोवती भांडत होते. पुढचा माणूस तिशीचा, पायात पांढरे बूट, त्या रक्तातसुद्धा पांढरे. मागचे दोघं रायफलवाले. आणि सगळ्यात मागे, टोपी हातात घेऊन, देवळात शिरावं तसा लिदेर.

ओर्मांदोने चाकू खाली ठेवला आणि भिंतीला टेकवलेल्या बंदुकीकडे हात नेला. त्याचा हात लाकडाला लागलासुद्धा नाही. पांढऱ्या बूटवाल्याने त्याला पोटात दोन आणि तो खाली बसल्यावर तोंडात एक गोळी घातली. मुकादम मांसाच्या फाक्यांवर आडवा झाला. बाकीचे गडी पळाले, गवत त्यांच्यामागे मिटलं. कुत्र्यांनी क्षणभर मान वर केली आणि परत खाली घातली.

"मी एव्हेर," तो माणूस म्हणाला. "पायलट कोण?"

रेमिहिओने हात वर केला, शाळेत करतात तसा.

विमान हवं होतं. टाक्या भरलेल्या, मागे इंधनाची चार पिंपं, आणि जायचं ब्राझीलच्या हद्दीजवळ, रानात कापलेल्या एका पट्टीवर. रेमिहिओ म्हणाला की मी नेतो. एव्हेर हसला. त्याने शर्टाचं बटण काढून मान दाखवली. कानापासून खांद्यापर्यंत कातडी भाजून वितळलेली होती. पिस्तुलाच्या धाकाने बसवलेला पायलट मला नको, तो म्हणाला, असल्या एकाने मला जाणूनबुजून झाडात घातलंय. माझा माणूस उडवील. तू फक्त शिकव.

लिदेरने तोवर रेमिहिओकडे बघितलं नव्हतं. आता बघितलं आणि म्हणाला, "कोम्पाद्रे, कसे आहात?"

"बरा आहे. तुम्ही?"

"चाललंय."

ओर्मांदोचा एक पाय अजून हलत होता.

रेमिहिओला एक गोष्ट त्याच वेळी कळली. शिकवणं चालू आहे तोवर मी जिवंत आहे, आणि घरात रेडिओशेजारी बसलेली नेल्वी जिवंत आहे. शिकवून संपलं की शिकवणारा फुकटचा साक्षीदार. म्हणून त्याने शिकवायला घेतलं ते जन्मात कोणी शिकवलं नसेल इतकं सावकाश. दोघं कॉकपिटमध्ये बसले, एव्हेर मागे उकिडवा, पिस्तूल गुडघ्यावर.

चालू करण्यापासून सुरुवात झाली. पिस्टनसारखं खेचून चालू होत नाही हे. बॅटरीवर फिरू द्यायचं, काटा बाराच्या पुढे गेल्याशिवाय इंधन सोडायचं नाही. घाई केलीत तर आतली पाती वितळतात आणि तुमच्या हातात तापलेली कढई राहते. पंखा लगेच फिरत नाही, घाबरू नका. इंजिनाचा आणि पंख्याचा आत लोखंडाने संबंध नाही, फक्त वाऱ्याने. एक भट्टी फुंकते, दुसरी पाती त्या फुंकरीवर फिरतात. लिदेर म्हणाला, म्हणजे नवराबायकोसारखं. रेमिहिओ हसला. त्याला हसू आलं याचीच त्याला भीती वाटली.

मग त्याने जोराचा काटा दाखवला आणि उष्णतेचा काटा दाखवला. इथे खाली, सपाटीवर, जोराची मर्यादा आधी येते; वर ला पासला उष्णतेची आधी येते. दोन्ही एकदम बघायचे. लिव्हर पिस्टनसारखी भिंतीपर्यंत ढकलायची नाही, हे इंजिन तुम्ही मागाल तेवढं देतं आणि मग मरतं. जड भरलं असेल तर नव्वद नॉटवर नाक उचलायचं. तासाला साडेचारशे किलोमीटर धरून चाला, उंच गेलात तर तेल कमी पितं, खालून गेलात तर दीडपट. एक इंजिन गेलं तर त्याचा पंखा आपोआप पाती आडवी करतो, वारा कापत उभा राहतो, आणि दुसऱ्यावर हे तुम्हाला घरी आणतं. आपल्या जुन्यासारखं मांस फेकावं लागत नाही.

लिदेरने आपल्या तीन बोटांच्या हाताकडे बघितलं. "असं होतं तर तेव्हा," तो म्हणाला.

"तेव्हा नव्हतं."

"लवकर," मागून एव्हेर म्हणाला. "मास्तर, तुम्ही फार सुंदर शिकवता. लवकर."

उतरणं राहिलं होतं. रेमिहिओने पंखा उलटा कसा करायचा ते शिकवलं. चाकं टेकली की दोन्ही लिव्हर उचलून पायरीच्या मागे ओढायच्या, पाती तोंड फिरवतात, वारा पुढे फेकतात, आणि चिखलातसुद्धा हे जनावर दोनशे-अडीचशे मीटरमध्ये थांबतं. उचलल्याशिवाय लिव्हर मागे जात नाही, तिथे लोखंडी पायरी आहे. हवेत असताना कोणाचा हात चुकून तिकडे जाऊ नये म्हणून. एवढं त्याने सांगितलं.

जे सांगितलं नाही ते असं. उजव्या लिव्हरची ती पायरी झिजली होती. आखूड पट्ट्यांवर रोज उतरून, रोज ओढून, तिची कड गोल झाली होती. सुटा भाग मागवला होता आणि आला नव्हता. लिव्हर पार मागे ओढली तर ती न उचलताच घसरायची, आणि मग हवेतच उजवा पंखा उलटा होऊन त्या बाजूने विमानाला मागे ओढलं असतं. रेमिहिओ उतरताना लिव्हरच्या मागे अंगठा ठेवायचा, बोटभर जागा राखायचा. त्याला आता ते लक्षातसुद्धा राहत नव्हतं. अंगठ्याला लक्षात होतं.

आणि लिदेर कसा उतरतो हे त्याला ठाऊक होतं. सगळ्या याकुमाला ठाऊक होतं. तिकडचे जुने पायलट कुंपणाच्या तारेवर आले की लिव्हर पार मागे ओढून इंजिन बंद करतात आणि निःशब्द तरंगत गवतावर टेकतात. जो इंजिन चालू ठेवून उतरतो त्याला बायका हसतात. लिदेर त्यात सगळ्यांत देखणा होता. तारेवर त्याची मूठ एकदम पार मागे यायची आणि विमान बगळ्यासारखं बसायचं. वीस वर्षांची मूठ. ती सांगूनही मुश्किलीने थांबली असती, न सांगता तर नाहीच.

रेमिहिओने लिदेरच्या मुठीकडे बघितलं. ओर्मांदोचा पाय आता हलत नव्हता.

"झालं?" एव्हेरने विचारलं.

"झालं."

"सगळं?"

"सगळं."

एव्हेर खाली उतरला आणि घराकडे बघून शिट्टी वाजवली. एक रायफलवाला नेल्वीला दंडाला धरून घेऊन आला. मागून गोळ्या झाडल्याचा आवाज. दुसरा रायफलवाला आत रेडिओ फोडत होता. नेल्वीचे पाय अनवाणी होते आणि ती रडत नव्हती. ओर्मांदोच्या अंगावरून तिला ओढत आणलं तेव्हा तिने पाय उचलून टाकला.

"पोरगी विमानात बसेल," एव्हेर म्हणाला. "तिकडे सुखरूप पोहोचलो की संध्याकाळी परत पाठवतो. तुम्ही खरं शिकवलं असेल, मास्तर, तर तुम्हाला काळजी कसली?"

हे त्याने रेमिहिओच्या चेहऱ्याकडे बघत सांगितलं. त्याला चेहराच बघायचा होता. आणि चेहरा फुटला. रेमिहिओने तो धरायचा प्रयत्न केला, दात दातांवर ठेवले, पण डोळे लिव्हरकडे गेले आणि परत आले, आणि तेवढ्यात एव्हेरला पाहिजे ते मिळालं.

रायफलचा दस्ता तोंडावर बसला. समोरचे दात जिभेवर आले. रेमिहिओ गवतात गुडघ्यांवर पडला आणि थुंकला.

"काय ठेवलंयस?"

"तिला खाली ठेव. मग सांगतो."

"आधी सांग."

"आधी सांगितलं तरी तू तिला नेशील."

हे खरंच होतं म्हणून एव्हेरने वाद घातला नाही. नेल्वीला त्याने दारातून आत ढकललं, एका माणसाला तिच्या डोक्याला नळी लावायला सांगितली, आणि रेमिहिओला केसांना धरून डाव्या पंख्यापाशी आणलं. थांबलेला पंखा हाताने ढकलला तर पाळण्यासारखा फिरतो. एव्हेरने त्याला पात्याला दोन्ही हातांनी मिठी मारायला लावली.

"चालू कर," तो लिदेरला म्हणाला. "आणि मास्तर, तुम्हीच शिकवलंत, पंख्याचा संबंध फक्त वाऱ्याने. बघू किती वेळ धरता येतो. सोडलात तर आत गोळी सुटेल."

लिदेर खिडकीतून बघत होता. दुसऱ्या रायफलवाल्याने त्याच्या मानेला नळी टेकवली. शिट्टी सुरू झाली.

सुरुवातीला काहीच नव्हतं. पातं छातीला टेकलेलं, गार, धारेवर मेलेल्या किड्यांची खर. मग आतून एक ढकल आली, झोपेत कुशी बदलावी तशी. रेमिहिओने पाय रोवले. मांसाचे फाके वाहिलेले खांदे होते ते, त्याने धरलं. शिट्टीचा सूर चढला, भट्टी पेटली, त्याच्या पोटाशी गरम वारा आला. ढकल आता एका माणसाची होती. मग दोघांची. गवतात टाचांचे चर उमटत गेले. तो ओरडला नाही कारण तोंड रक्ताने भरलं होतं. त्याला समोर काचेत लिदेरचा चेहरा दिसत होता, आणि त्याच्यामागे दाराच्या अंधारात नेल्वीचे पाय. ढकल जनावराची झाली. त्याचे पाय सुटले, पात्याने त्याला जमिनीवरून उचललं, तो लटकला, आणि तरीही त्याने सोडलं नाही.

शिट्टी एकदम खाली आली. लिदेरने इंधन तोडलं होतं. पण पात्याला अजून वेग होता; त्याने रेमिहिओला झटकून टाकलं आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या पात्याने त्याचा उजवा हात कोपराखाली मोडला. हाड शर्टातून बाहेर आलं, पांढरं, ओलं. तो पडून त्याकडे बघत राहिला. दुसऱ्या कोणाचं वाटत होतं.

लिदेर खाली उतरला. मानेवरची नळी त्याने माशी हाकलावी तशी बाजूला केली. एव्हेरला त्याने सांगितलं की ही पोरगी माझी आहे, मी तिला बाप्तिस्म्याच्या पाण्यात धरलेलं आहे, ती इथेच राहील आणि बापही इथेच राहील. नाहीतर विमान तू उडव. त्याने आवाज चढवला नाही. एव्हेरने सूर्याकडे बघितलं. सूर्य झाडांच्या वर आला होता, आणि उन्हं वर आल्यावर सैन्याचं विमान नदीवरून चक्कर मारतं हे त्यालाही ठाऊक होतं. रेडिओ फुटलेला होता, गडी पळालेले. त्याने खांदे उडवले. "पाच मिनिटं," तो म्हणाला. "आणि तो बोलला नाही तर दोघांना इथेच घालतो, मग तू मला नेऊन झाडात घाल."

नेल्वी उडी मारून बाहेर आली. बापाच्या मोडक्या हाताशी बसली आणि स्वतःच्या परकराची किनार फाडू लागली.

लिदेर रेमिहिओशेजारी उकिडवा बसला. अगदी जवळ, पूर्वी नळी देताना बसायचा तसा. त्याच्या अंगाला तोच जुना कोकाच्या पानांचा वास होता.

"काय आहे?" तो म्हणाला. "मला सांग. अरे, मी आहे."

किती वर्षांनी तो 'अरे' म्हणाला होता.

रेमिहिओने त्याच्याकडे बघितलं. त्याला सांगायचं होतं. उजवी लिव्हर, अंगठा, बोटभर जागा; एवढंच होतं ते, चार शब्द. नेल्वी आता खाली होती, तिला याने उतरवलं होतं. याने सांगून ऐकलं असतं, याने अंगठा ठेवला असता, बगळ्यासारखा बसला असता, आणि हे पांढरे बूट तिकडे उतरून सिगारेट पेटवून दुसऱ्या कुरणाकडे गेले असते. आणि परत आले असते. ज्या माणसाने नेल्वीचा चेहरा बघितला, ज्याला कळलं की हा बाप तिच्यासाठी पात्याला लटकतो, तो परत आला असता. लिदेर प्रत्येक वेळी मध्ये पडायला पुरला नसता. हे त्या वेळी रेमिहिओने स्वतः नीट जुळवलं होतं की दुखण्याने जुळवलं होतं, हे त्याला कधीच ठरवता आलं नाही.

"डावी टाकी," तो रक्तातून म्हणाला. "तिचा पंप आपोआप लागत नाही. वर गेलात की हाताने लावायचा. नाही लावला तर डावं इंजिन उपाशी मरतं."

हे खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

लिदेरने मान हलवली. उठता उठता तो थांबला. त्याने नेल्वीकडे बघितलं. लहानपणापासून ती उजव्या सीटवर, आधी उशी ठेवून, बसत आली होती. बापाचा अंगठा तिने शेकडो वेळा लिव्हरमागे बघितला होता, आणि का ठेवता म्हणून विचारलंही होतं.

"बाळ," लिदेर म्हणाला, "एवढंच ना?"

नेल्वीचे हात बापाच्या दंडावर चिंधी आवळत होते. ते थांबले नाहीत.

"एवढंच, पाद्रिनो."

त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला, तीन बोटांचा, आणि टोपी घातली.

विमान पट्टीच्या टोकाला गेलं. चालू करताना लिदेरने घाई केली नाही, काटा बाराच्या पुढे जाऊ दिला. रेमिहिओला सुरावरून कळलं. जोरही बेताचा लावला. नव्वदवर नाक उचललं. चांगला विद्यार्थी होता. कुंपणावरून जाताना त्याने पंख किंचित डावीकडे झुकवला, तिकडच्या पायलटांचा रामराम असतो तसा, आणि ईशान्येकडे वळला. रेमिहिओ आणि नेल्वी ऐकत राहिले. आवाज संपला. मग मागे गवतातून गुरं आली. रक्त सांडलं की ती येतात, मातीला नाक लावून हंबरतात. त्या दिवशी त्यांना हाकलायला कोणी नव्हतं. ओर्मांदोभोवती आणि अकरा गुरांच्या कातड्यांभोवती ती गोल उभी राहून ओरडत होती.

बातमी देल्मिराच आली घेऊन. रेमिहिओचा हात तेव्हा गळ्यात बांधलेला होता आणि त्यातून वास येत होता; पुढे हात वाचला, पण त्या हाताने लिव्हर धरता आली नाही. सांता आनाच्या घरात ती समोरच्या बाकावर बसली. सीमेवरच्या रानात ब्राझील-बदाम वेचणाऱ्या लोकांनी बघितलं होतं. त्यांनी हाडं गोळा करून पोत्यात पाठवली, कोणाची कुठली ते न बघता.

"ते म्हणाले, काय सुंदर येत होता," देल्मिरा म्हणाली. तिच्या आवाजात दुःखाइतकाच अभिमान होता. "झाडांच्या वर आला आणि इंजिन पार बंद केलं. आवाजच नाही. त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. आणि मग एकदम उजव्या अंगावर पालथं झालं. का झालं हो, कोम्पाद्रे?"

नेल्वी कॉफी ओतत होती.

"नवीन विमान होतं त्याला," रेमिहिओ म्हणाला.

"पण तुम्ही शिकवलं होतंत ना? लोक सांगतात, तुमचा हात मोडला तरी तुम्ही त्याला शिकवलंत."

"शिकवलं."

देल्मिराने त्याचा बरा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. रेमिहिओला तो काढून घेता आला नाही. मग ती नेल्वीकडे वळली आणि म्हणाली की उद्या अंत्ययात्रेत पाद्रिनोच्या पुढे मेणबत्ती घेऊन तूच चालायचं, बाई, त्याला दुसरं लेकरू नाही.

नेल्वीने किटली खाली ठेवली. तिने बापाकडे बघितलं, असं की यापुढे आयुष्यभर हे दोघं एका घरात राहतील आणि यावर एक शब्द बोलणार नाहीत, हे त्याला तिथेच कळलं.

"हो, मावशी," ती म्हणाली. "मीच चालेन."